पीट पोस्टलथ्वेट : 'चरित्र अभिनेता' हा गौरव की पळवाट?

तिसरी घंटा (धागालेखक)

पीट पोस्टलथ्वेट या इंग्लिश नटाची कारकीर्द हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यांचा विषय निघाला की जो तो 'काय जबरदस्त चरित्र अभिनेता होता' एवढे म्हणून पुढे जातो, याची मला खंत वाटते. माझे म्हणणे स्पष्टपणे मांडतो : १९९३ नंतर चित्रपटसृष्टीने या माणसाचा चेहरा वापरला, त्याचे सामर्थ्य वापरले नाही; आणि 'चरित्र अभिनेता' हे बिरुद त्या उपेक्षेवर घातलेले पांघरूण आहे.

ज्यांना नावावरून चेहरा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. उत्तर इंग्लंडमधील वॉरिंग्टन या कारखान्यांच्या गावात, कॅथलिक कामगार कुटुंबात, ७ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. काही काळ त्यांनी शिक्षकी केली, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतले आणि सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर अशा मंडळींच्या संगतीत ते घडले. हे लांबलचक आडनाव बदला, असे सुरुवातीच्या काळात एजंट सांगत असत. ते त्यांनी बदलले नाही. २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता सामर्थ्य म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. टेरेन्स डेव्हिस यांचा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' हा १९८८ सालचा चित्रपट लिव्हरपूलच्या एका कामगार कुटुंबाचा आहे आणि त्यात पोस्टलथ्वेट मारकुट्या बापाच्या भूमिकेत आहेत. नाताळच्या आदल्या रात्री हा बाप झोपलेल्या पोरांकडे डोळे भरून पाहतो आणि त्यांच्यासाठी खाऊ-खेळण्यांचा मोजा ठेवून जातो. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना तोच बाप क्षणभर गप्प राहतो, टेबलावरचा कपडा बशा-पेल्यांसकट हिसडा मारून खाली ओढतो आणि हे आवर म्हणून बायकोवर ओरडतो. या दोन प्रसंगांमध्ये कोणतेही स्पष्टीकरण नाही, कोणाचा संवाद नाही, बापाच्या मनाचा उलगडा करणारे काही नाही. तरी पाहणाऱ्याला दोन्ही माणसे एकच आहेत हे पटते, कारण त्या रात्रीच्या मायेतही त्यांच्या जबड्याची शीर ताठ असते. बायकोच्या भूमिकेतील फ्रेडा डाउई यांच्या चेहऱ्यावरची सवयीची भीती त्यामुळेच इतकी खरी वाटते.

असे काम केलेल्या नटाला पाच वर्षांनी जिम शेरिडन यांच्या 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये ज्युसेपी कॉनलनची भूमिका मिळाली. १९७४च्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात मुलामागोमाग स्वतःही निष्कारण तुरुंगात गेलेला आणि १९८० साली कैदेतच मेलेला हा बेलफास्टचा निरपराध बाप. खऱ्या आयुष्यात बापलेक एका कोठडीत नव्हते. चित्रपटाने त्यांना एकत्र ठेवले, आणि ते स्वातंत्र्य पोस्टलथ्वेट यांच्या संयत कामामुळेच खपून गेले. ऑस्करसाठी सहायक अभिनेत्याचे नामांकन झाले, पुरस्कार टॉमी ली जोन्स यांना मिळाला.

त्यानंतरची सतरा वर्षे मोजून पाहा. स्पीलबर्ग यांनी त्यांना जगातला सर्वोत्तम अभिनेता म्हटले असे सर्वत्र छापून आले. पण त्याच स्पीलबर्ग यांनी 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये त्यांना दिले काय, तर डायनोसॉरच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा शिकारी. मोठ्या पडद्यावर सगळी गोष्ट त्यांच्या खांद्यावर उभी आहे असा माझ्या मते त्या काळात एकच चित्रपट निघाला, १९९६चा 'ब्रास्ड ऑफ'. बाकी ठिकाणी ते पाच मिनिटे येतात, आपण थरारतो, आणि मग कॅमेरा पुन्हा एखाद्या देखण्या नायकाकडे वळतो. 'इन्सेप्शन'मध्ये तर त्यांना बिछान्यावर झोपवूनच ठेवले आहे. याला मी अपव्यय म्हणतो. आपणांस काय वाटते?

रिळवाला

धागालेखकांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्यांच्या मोजपट्टीला माझा ठाम विरोध आहे. पडद्यावरची मिनिटे मोजून नटाची किंमत ठरत नाही. आपण 'इन्सेप्शन'चे उदाहरण दिलेत हे बरे झाले, कारण आपला युक्तिवाद तिथेच कोसळतो असे मला वाटते.

त्या चित्रपटाची सारी उठाठेव कशासाठी आहे, हे आठवून पाहा. एका उद्योगपतीच्या मुलाच्या मनात बापाबद्दलची समजूत बदलायची आहे. स्वप्नात स्वप्न, बर्फातला किल्ला, फिरणारी हॉटेलची मार्गिका, हे सगळे त्या एका समजुतीपर्यंत पोहोचण्याचे रस्ते आहेत. सुरुवातीला मुलगा सांगतो की, दोघांचा जुना फोटो मी त्यांच्या उशाशी ठेवला, पण त्यांनी पाहिलासुद्धा नाही. शेवटी स्वप्नातल्या तिजोरीतून कागदी भिरभिरे निघते आणि मरणारा बाप कसाबसा सांगतो की, तू माझ्यासारखा व्हायचा प्रयत्न केलास याचेच मला वाईट वाटले. आता विचार करा, तो बाप असा हवा की, त्याने मुलाला आयुष्यभर झिडकारले हे आपल्याला आधी पटावे आणि त्याचे मुलावर प्रेम होते हेही तितकेच पटावे, आणि हे घडवायला त्याच्याकडे हातापायांची हालचाल नाही, आवाज नाही, जेमतेम काही शब्द आहेत. आपण १९८८च्या बापाबद्दल जे लिहिलेत, एकाच चेहऱ्यात माया आणि दहशत, तेच सामर्थ्य इथे अंथरुणावर पडून वापरलेले आहे. इथे दुसरा नट असता तर कोट्यवधी डॉलरांचा डोलारा त्या बिछान्याजवळ येऊन पडला असता.

त्याच २०१० सालच्या 'द टाउन'मध्ये ते बॉस्टनमधल्या एका गुन्हेगार टोळीचे सूत्रधार आहेत आणि त्यांचे फुलांचे दुकान आहे. दरोडेखोर नायक, म्हणजे बेन ॲफ्लेक, हा धंदा सोडतो असे सांगायला येतो. हा म्हातारा गुलाबाच्या दांड्या साफ करता करता, आवाज न चढवता, त्याच्या बापाला आपण कसे वेसण घातले आणि त्याच्या आईची कशी वाताहत केली ते ऐकवतो. हात काट्यांवर, नजर फुलावर, आणि बोलणे असे की जणू गिऱ्हाईकाला फुलांचा भाव सांगतो आहे. नायकाच्या साऱ्या आयुष्याचे कारण त्या एका प्रसंगात कळते. ब्रिटिश चित्रपट अकादमीने (बाफ्टा) या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे नामांकन दिले, तेव्हा ते हयात नव्हते.

चरित्र अभिनेता म्हणजे दुय्यम अभिनेता, हे आपण गृहीत धरले आहे. मी ते गृहीत धरत नाही. नायकाला गोष्ट पुढे न्यायची असते आणि चरित्र अभिनेत्याला ती गोष्ट खऱ्या जगात घडते आहे याची खात्री द्यायची असते. पोस्टलथ्वेट यांच्यासारखा माणूस हे दुसरे काम पाच मिनिटांत करतो, म्हणून तर त्यांना बोलावत.

मर्सीकाठ

मी बारा वर्षे लिव्हरपुलात राहिले आहे, त्यामुळे हा धागा वाचताना मला दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारावासा वाटतो : कारकीर्द म्हणजे फक्त हॉलिवूड का?

२००८ साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या वर्षी, जगभर नाव झालेला हा नट 'किंग लिअर' करण्यासाठी आपल्या जुन्या एव्हरीमनमध्ये परत आला. होप स्ट्रीटवरचे ते जुने थिएटर आता उरलेले नाही. २०११ साली पाडून त्या जागी नवे बांधले. जुन्या रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक बसत आणि मी बाजूच्या रांगेत इतक्या जवळ होते की, लिअरच्या श्वासाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. रूपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाबद्दल समीक्षकांचे मत फारसे एकमुखी नव्हते, आणि मलाही त्यातल्या काही कल्पना पटल्या नाहीत. परंतु मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, घेऊन म्हातारा राजा येतो तेव्हा माझ्या शेजारची, गोदीकामगाराची विधवा असलेली बाई, मध्यंतरात तिनेच हे सांगितले होते, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून बसली होती. पुढे ते नाटक लंडनच्या यंग व्हिकमध्ये गेले. धागालेखकांच्या हिशेबात ही सबंध संध्याकाळ कुठेच नाही.

आणि दूरचित्रवाणी तर आपण दोघांनीही वगळलीत. ब्रिटनमध्ये असा नट घडतो तो नाटक आणि टीव्ही यांच्यामधल्या ये-जा करण्यातून. १९९९चे 'लॉस्ट फॉर वर्ड्स' पाहा. डेरिक लाँग्डन या लेखकाने आपल्या म्हाताऱ्या आईच्या अखेरच्या दिवसांवर लिहिलेली ही गोष्ट. आई झालेल्या थोरा हर्ड तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, पोस्टलथ्वेट मुलगा. तुला पुरू की दहन करू, असे मुलगा फार अवघडून विचारतो आणि आई म्हणते, तूच काय ते ठरव, मला चकित कर. त्या उत्तरावर मुलाच्या चेहऱ्यावर जे हसू येते त्यात रडण्याची सुरुवात आहे. सबंध नाटिकाभर त्यांनी बहुतेक वेळ ऐकण्याचेच काम केले आहे आणि थोरा हर्ड यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला त्यात समोर ऐकणाऱ्याचा वाटा मोठा आहे, असे मी मानते. २०००मध्ये बीबीसीने 'द सिन्स' ही मालिका काढली. सात पापांवर सात भाग, आणि त्यात गुन्हेगारी सोडून अंत्यविधीच्या धंद्यात आलेला जो माणूस सगळ्या गोष्टीच्या केंद्रस्थानी आहे, तो पोस्टलथ्वेट. तेव्हा 'नायक केले नाही' ही तक्रार हॉलिवूडपुरती खरी असेल, ब्रिटिश टीव्हीच्या बाबतीत ती खरी नाही.

शब्दवेध

रिळवाला यांनी 'पाच मिनिटांत खात्री देणे' असे म्हटले आहे, म्हणून एक अवघड उदाहरण ठेवते. १९९५च्या 'द युज्वल सस्पेक्ट्स'मध्ये ते कोबायाशी नावाचे वकील आहेत. नाव जपानी, चेहऱ्याचा रंग मुद्दाम सावळा केल्यासारखा, आणि बोलणे आपल्या उपखंडातल्या माणसाने इंग्रजी बोलावे तसे. मी तो चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा मला मनापासून खटकले आणि आजही खटकते. इंग्लिश नटाने आपल्याकडचा उच्चार उसना घेऊन गूढ खलपुरुष उभा करायचा, हे आपण केवळ नट थोर आहे म्हणून सोडून द्यायचे का? त्या काळी ब्रिटनमध्ये आपल्याकडच्या वंशाचे उत्तम नट होते. त्यांना ही पाच मिनिटे का मिळू नयेत? चरित्र भूमिकांचे गोडवे गाताना हा प्रश्नही विचारला जावा.

रिळवाला

शब्दवेध, तक्रार रास्त आहे आणि भूमिका कोणाला मिळते या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच नोंदवतो की, शेवटी हे नाव चिनी मातीच्या कपाच्या बुडावरून उचललेले असते हे कळते. म्हणजे कोबायाशी हा सांगणाऱ्याने जमेल तिथून तुकडे गोळा करून रचलेला माणूस आहे. त्यामुळे त्याचा उच्चार कोणत्याच गावाचा नसणे मला अर्थपूर्ण वाटते. तरीही ऐकणाऱ्याच्या कानाला जे लागले ते लागलेच, हे मला मान्य आहे.

गाविलगड

माझे मत धागालेखकांच्या बाजूचे आहे, पण कारण निराळे आहे. मूळ प्रश्न चेहऱ्याचा आणि वर्गाचा आहे. गालफडे वर आलेली, डोळे खोल, नाक फुगीर, बोलण्यात उत्तरेकडच्या कामगार वस्तीचा हेल. अशा माणसाकडे पाहून निर्मात्याच्या मनात पहिल्यांदा खलनायक येतो, नाही तर सोसणारा गरीब.

'शार्प' या मालिकेत त्यांनी १९९४ साली ओबादाया हेक्सविल हा सार्जंट केला. नेपोलियनविरुद्धच्या स्पेन-पोर्तुगालमधील युद्धातली ही गोष्ट. फाशी देऊनही न मेलेला, म्हणून मान सारखी झटकणारा, टोपीत तोंड घालून आपल्या आईशी बोलणारा हा माणूस. हेच पात्र बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या नंतरच्या कादंबऱ्यांत श्रीरंगपट्टण, असई आणि थेट आपल्या मेळघाटातल्या गाविलगडापर्यंत पोहोचते. मी अमरावती जिल्ह्यातला असल्याने त्या कादंबऱ्या उत्सुकतेने वाचल्या आणि वाचताना डोळ्यांपुढे पोस्टलथ्वेट यांचीच मान झटकत होती. काम अजोडच आहे. परंतु त्याच मालिकेचा नायक झालेले शॉन बीन हेही उत्तरेतले, शेफील्डच्या कामगार कुटुंबातले. फरक एवढाच की ते देखणे होते. दोघांच्या वाट्याला काय आले ते पाहिले की, चरित्र अभिनेता ही निवड होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

तिसरी घंटा (धागालेखक)

सर्वांचे आभार. मर्सीकाठ यांनी टीव्ही आणि नाटकाबद्दल माझी चूक दाखवली, ती मी पूर्ण मान्य करतो. 'लॉस्ट फॉर वर्ड्स' मी पाहिलेच नव्हते, ते परवा रात्री पाहिले आणि त्या 'चकित कर'नंतर थोडा वेळ थांबवावे लागले. रिळवाला यांचे 'इन्सेप्शन'बद्दलचे विवेचनही मला पटले. शब्दवेध यांच्याशी मी सहमत आहे. तरी माझ्या मूळ म्हणण्यावरून मी पूर्णपणे हटत नाही, आणि त्याचे कारण 'ब्रास्ड ऑफ' आहे.

ज्या यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प गावावर ती गोष्ट बेतली आहे, तिथली कोळसा खाण १९९३ साली बंद झाली. खाणीचा ब्रास बँड मात्र टिकला आणि चित्रपटातले वादन त्याच बँडचे आहे. पोस्टलथ्वेट हे बँडचे संचालक डॅनी आहेत. आयुष्यभर खाणीत राबून कोळशाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी झाली आहेत. खाण बंद होणार, मुलाच्या घरातले सामान सावकार उचलून नेणार, आणि म्हाताऱ्याला एकच ध्यास की, बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली स्पर्धा जिंकावी. चित्रपटाचा अर्धा भाग उलटेपर्यंत आपल्याला त्याचा रागच येतो, इतका तो आंधळा आहे. शेवटी बँड जिंकतो आणि हा माणूस चषक नाकारतो. मला वाटायचे की संगीत महत्त्वाचे आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही, असे तो त्या भरलेल्या सभागृहाला सांगतो. हे भाषण कोणाही नटाने गर्जना करून म्हटले असते. पोस्टलथ्वेट ते दम लागलेल्या माणसासारखे, वाक्याच्या मधेच श्वास गोळा करत म्हणतात, आणि पुढे एका गाजलेल्या इंग्रजी गाण्याच्या सुरुवातीला त्याच भाषणातल्या ओळी त्यांच्याच आवाजात घेतल्या गेल्या. डॅनीचा हेका, त्याचे चुकणे आणि त्याला उमगणे हे सारे पाऊण-एक तास आधीपासून रचत आणले आहे म्हणूनच ते भाषण काळजाला भिडते. रिळवाला, पाच मिनिटांत खात्री देता येते हे खरे, पण माणूस बदलताना दाखवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोठ्या पडद्याने त्यांना पुन्हा दिला नाही, हे माझे दुःख आहे.

एक गोष्ट मात्र या चर्चेमुळे नव्याने लक्षात आली. छोट्या भूमिकांनी जगभर ओळखीचा झालेला चेहरा त्यांनी २००९ साली 'द एज ऑफ स्टुपिड' या हवामान बदलावरच्या चित्रपटासाठी वापरला. २०५५ सालात, उद्ध्वस्त जगाचे दप्तर सांभाळणारा एकटा म्हातारा आपल्या काळातल्या खऱ्या चित्रफिती पाहत बसला आहे, अशी त्याची मांडणी आहे. त्या चित्रफितींतली एक मुंबईत स्वस्त विमानसेवा उभी करणाऱ्या जेह वाडिया यांची आहे. या चित्रपटाच्या लंडनमधल्या पहिल्या खेळाच्या वेळी पोस्टलथ्वेट यांनी ब्रिटनचे तेव्हाचे ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना बजावले की, किंग्जनॉर्थ येथे कोळशावरचे नवे वीज केंद्र मंजूर केलेत तर मी माझा ओबीई हा सरकारी किताब परत करीन. ते केंद्र पुढे झाले नाही. खाणकामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॅनीनेच कोळशाच्या वीज केंद्राला विरोध करावा, यात काहींना विसंगती वाटेल. मला वाटत नाही. डॅनीची फुप्फुसे कशाने गेली होती ते त्यांना ठाऊक होते.

रिळवाला

'माणूस बदलताना दाखवायला वेळ लागतो' हे वाक्य मी मान्य करतो, 'अपव्यय' हा शब्द नाही. एक जोड दाखवून थांबतो. १९९३च्या ऑस्करला सहायक अभिनेत्याच्या त्याच यादीत एकोणीस वर्षांचा लिओनार्डो डिकॅप्रिओही होता. तीन वर्षांनी 'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये तो रोमिओ आणि पोस्टलथ्वेट त्याचे लग्न लावणारे, पाठीवर क्रूस गोंदलेले धर्मगुरू. चौदा वर्षांनी 'इन्सेप्शन'मध्ये पुन्हा दोघे. एकाचे नाव तिकिटे खपवते, दुसऱ्याचे नाव प्रेक्षकाला नीट उच्चारताही येत नाही.

मर्सीकाठ

लिव्हरपुलात येते.